गाडीच्या विम्याची कंपनी कशी निवडायची? ॲपचे स्टार बाजूला ठेवा, हे आकडे बघा

गाडीचा विमा संपत आला की फोनवर मेसेजचा पाऊस सुरू होतो. 'दोन मिनिटांत रिन्यू करा', 'आजच घ्या, उद्या महाग होईल' वगैरे. आपण एखादं तुलना करणारं ॲप उघडतो, गाडीचा नंबर टाकतो आणि दहा-बारा कंपन्यांची यादी समोर येते. त्यातली सगळ्यात स्वस्त, नाहीतर जिची जाहिरात क्रिकेटच्या मॅचमध्ये दिसते ती कंपनी निवडायची, यूपीआयने पैसे भरायचे आणि पीडीएफ डाउनलोड करायची. काम झालं.

मीही हेच करायचो. मागच्या पावसाळ्यात एका टेम्पोने माझ्या कारला मागून ठोकलं आणि तेव्हा कळलं की मी कंपनी निवडलीच नव्हती, मी एक ॲप निवडलं होतं. पॉलिसी घ्यायला चार मिनिटं लागली होती. क्लेमच्या वेळी त्याच ॲपमधल्या चॅटबॉटने तेच फोटो तीनदा मागितले. यादीत कॅशलेस म्हणून दिसणाऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "आमचा त्यांच्याशी करार कधीच संपलाय." गाडी हातात आली तेविसाव्या दिवशी. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण एका माणसाच्या एका अनुभवावरून कंपनी ठरवू नये हेच मला पुढे सांगायचं आहे.

मग ठरवायची कशावरून? त्यासाठी थोडी शोधाशोध करावी लागते, पण सगळी फोनवर होते.

आधी हे बघा की तुम्ही काय विकत घेताय

विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्यासाठीचा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे हा सक्तीचा आहे. तो नसताना पकडले गेलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. याचा हप्ता सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या बाइकला ७१४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये, वर जीएसटीचा हिशोब वेगळा. इथे 'आमच्याकडे स्वस्त' असं कोणी म्हणत असेल तर तो दुसऱ्या भागाबद्दल बोलतोय.

दुसरा भाग म्हणजे ओन डॅमेज, तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. चोरी, आग, पूर, अपघात हे सगळं यात येतं. दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीला काँप्रिहेन्सिव्ह म्हणतात. कंपनी चांगली की वाईट हा प्रश्न खरा इथे येतो, कारण क्लेमसाठी तुम्हाला स्वतःला त्यांच्या दारात जावं लागतं ते याच भागासाठी. जुन्या स्कूटरसाठी फक्त थर्ड पार्टी घेणार असाल तर पुढचं सगळं वाचून डोकं शिणवू नका. कुठल्याही नोंदणीकृत कंपनीचा घ्या आणि वेळेवर रिन्यू करा.

आणखी एक गोष्ट. ज्या ॲपवरून तुम्ही पॉलिसी घेता ते बऱ्याचदा विमा कंपनी नसतंच, ते दलाल असतं. क्लेमचा निर्णय त्याच्या हातात नसतो. पीडीएफच्या पहिल्या पानावर ज्या कंपनीचं नाव आणि आयआरडीएआयचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, पैसे तीच देणार. आयआरडीएआय म्हणजे हैदराबादला मुख्यालय असलेलं विमा नियामक प्राधिकरण. हे नाव या लेखात पुन्हा पुन्हा येईल.

स्टार रेटिंगवर माझा विश्वास का नाही

मी ॲप बनवायचं काम करतो, त्यामुळे हे आतून माहीत आहे. 'आमचं ॲप आवडलं का? रेटिंग द्या' हा पॉपअप कधी दाखवायचा ते डेव्हलपर ठरवतो. आणि कुठलाही शहाणा डेव्हलपर तो पेमेंट यशस्वी झाल्यावर, हिरवी टिक दिसल्यावर दाखवतो. क्लेम नाकारल्याच्या स्क्रीनवर कोणी रेटिंग मागत नाही. म्हणजे तुम्हाला दिसणारे चार-साडेचार स्टार हे बरेचसे पॉलिसी विकत घेण्याच्या सोयीला मिळालेले असतात. ज्यांनी दिले ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी विमा अजून वापरलेलाच नसतो, एवढंच.

उलट बाजूने, एक स्टारवाले रिव्ह्यूही सरसकट खरे मानू नका. उदाहरण घेऊ. तीन वर्षांच्या आतली, पण दोन वर्षं झालेली कार. अपघात झाला आणि गॅरेजचं बिल आलं ४०,००० रुपये: प्लॅस्टिकचे पार्ट १८,०००, पत्र्याचं बॉनेट १०,०००, पुढची काच ६,०००, मजुरी ६,०००. सोयीसाठी रंग आणि जीएसटी सोडून देऊ. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे १८,००० चे ९,००० मिळणार. या वयाच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर १५ टक्के घसारा, म्हणजे ८,५००. काचेवर घसारा नाही. मजुरी पूर्ण. बेरीज २९,५००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारसाठी सक्तीची १,००० रुपयांची कपात. हातात २८,५००, आणि खिशातून ११,५००.

आता हा माणूस रिव्ह्यू लिहितो: 'चाळीस हजारांचं बिल, साडेअकरा हजार कापले, फ्रॉड कंपनी.' त्याचा राग खरा आहे. पण कंपनीने पॉलिसीत लिहिलं तेच केलं. याच जागी झिरो डेप्रिसिएशनची जोड असती तर त्याला हजार रुपयेच भरावे लागले असते. तेव्हा रिव्ह्यू वाचताना 'पैसे कापले' यावर थांबू नका. 'सर्व्हेअर किती दिवसांनी आला', 'अप्रूव्हल कुठे अडकलं', 'फोन कोणी उचलला का' हे शोधा. दिवसांचे आकडे आणि टप्पे लिहिलेला एक रिव्ह्यू, 'वर्स्ट सर्व्हिस' लिहिलेल्या पन्नास रिव्ह्यूंपेक्षा कामाचा.

एक युक्ती मी वापरतो. रिव्ह्यू तारखेप्रमाणे लावायचे आणि मोठ्या पुरानंतरचे महिने बघायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरलं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाले. अशा वेळी एकाच आठवड्यात गाड्यांचे ढीगभर क्लेम येतात आणि कंपनीकडे माणसं किती आहेत ते उघडं पडतं. एरवी सगळेच बरे दिसतात.

खरे आकडे कंपनीच्या वेबसाइटवरच असतात

हा भाग फारसा कोणाला माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. प्रत्येक जनरल इन्शुरन्स कंपनीला दर तिमाहीला ठरावीक नमुन्यात आपली माहिती जाहीर करावी लागते. आयआरडीएआयचा तसा नियम आहे. कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाशी जा, जिथे कोणी जात नाही तिथे. 'पब्लिक डिस्क्लोजर' नावाची लिंक असते. आत तिमाहीनुसार पीडीएफ आणि त्यात 'एनएल' ने सुरू होणारे फॉर्म. मार्चअखेरचा संच उघडा, म्हणजे पूर्ण वर्षाचं चित्र मिळतं. आपल्याला तीनच फॉर्म लागतात.

एनएल-३९ हा माझा सगळ्यात आवडता. नाव 'एजिंग ऑफ क्लेम्स'. दिलेले क्लेम किती दिवसांत दिले याचं हे कोष्टक. आणि त्यात मोटर ओडी, म्हणजे आपला ओन डॅमेज, याची ओळ वेगळी असते. पहिला रकाना एक महिन्याच्या आत दिलेल्या क्लेमचा, पुढचा एक ते तीन महिने, मग तीन ते सहा, असं करत वर्षांपर्यंत. पहिल्या रकान्याला एकूण संख्येने भागा. समजा एका कंपनीने एक लाख क्लेम दिले आणि त्यातले ८२,००० महिन्याच्या आत, तर ८२ टक्के. दुसरीचे ६१ टक्के निघाले. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण खऱ्या फॉर्ममध्येही असा फरक सापडला तर कुठलं रेटिंग बघायची गरजच राहत नाही. थर्ड पार्टीची ओळ मात्र या हिशोबात घेऊ नका. ते क्लेम न्यायाधिकरणात चालतात आणि सगळ्याच कंपन्यांचे वर्षानुवर्षं रेंगाळतात.

एनएल-३७ मध्ये किती क्लेम आले, किती दिले, किती नाकारले आणि किती शिल्लक राहिले ते मिळतं. इथे एक गंमत आहे. 'नाकारले' हा एक रकाना आणि 'बंद केले' हा वेगळा. कागद दिले नाहीत किंवा ग्राहकाने पाठपुरावा सोडला, म्हणून फाइल बंद केली की ती नाकारलेल्यांत मोजली जात नाही. सगळीच बंद प्रकरणं वाईट नसतात. किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम टाकून लोक नंतर स्वतःच मागे घेतात, कारण नो क्लेम बोनस जातो. पण एखाद्या कंपनीचा बंदचा आकडा बाकीच्यांच्या मानाने फुगलेला दिसला तर मी तिथून लांब राहतो. जाहिरातीत '९८ टक्के क्लेम सेटलमेंट' वाचलं की आधी हाच रकाना उघडा आणि बंद प्रकरणं त्या हिशोबात धरलीत का ते बघा.

तिसरा एनएल-४५, तक्रारींचा. दर १०,००० क्लेममागे किती तक्रारी आल्या हा आकडा इथे तयार मिळतो. त्यामुळे मोठी आणि छोटी कंपनी शेजारी ठेवून बघता येते. नुसती एकूण तक्रारींची संख्या बघितली तर मोठी कंपनी कायम बदनामच दिसेल. मर्यादा एकच, यात आरोग्य, प्रवास, शेती सगळे विमे एकत्र असतात. आरोग्य विम्याचा मोठा धंदा असलेल्या कंपनीच्या तक्रारी बहुतेक हॉस्पिटलच्या बिलांवरून असू शकतात, गाड्यांवरून नव्हे. म्हणून याला एनएल-३९ नंतरचं स्थान.

तीन-चार कंपन्यांचे हे फॉर्म उघडून आकडे नोट्समध्ये लिहायला मला साधारण पाऊण तास लागला. मोबाईल घेताना आपण याहून जास्त वेळ यूट्यूबवर घालवतो.

जाता जाता सॉल्व्हन्सी रेशोबद्दल: कंपनीची देणी फेडायची ताकद किती ते यावरून कळतं आणि नियमाप्रमाणे तो किमान १.५ हवा. त्याच डिस्क्लोजरमध्ये मिळतो. तपासा आणि पुढे चला.

गॅरेजमधल्या माणसाला विचारा

आकडे देशभराचे असतात. तुमची गाडी मात्र बार्शीत नाहीतर कणकवलीत बंद पडणार. तिथे कंपनीचा माणूस आहे का, हे कुठल्याच फॉर्ममध्ये नसतं.

त्यासाठी तुम्ही जिथे गाडी सर्व्हिसिंगला देता, तिथल्या अपघाताच्या गाड्या बघणाऱ्या सुपरवायझरला गाठा. रोज पाच-सहा कंपन्यांच्या सर्व्हेअरशी त्याचा संबंध येतो. चहा पाजा आणि विचारा, "दादा, कुठल्या कंपनीचा सर्व्हेअर लगेच येतो आणि कोणाचं अप्रूव्हल लटकतं?" उत्तर एका क्षणात मिळतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्याचाही स्वार्थ आहे. मोठं बिल डोळे मिटून पास करणारी कंपनी गॅरेजला आवडते. म्हणून 'कोण जास्त देतं' असं न विचारता 'कोण लवकर येतं' असं विचारायचं.

नव्या गाडीच्या वेळी शोरूमवाले सांगतात, "विमा आमच्याकडूनच घ्या, नाहीतर कॅशलेस होणार नाही." तशी सक्ती त्यांना करता येत नाही. ते वर्कशॉप तुमच्या कंपनीच्या यादीत असेल तर पॉलिसी कुठूनही घेतलेली चालते. बाइकवाल्यांनी मात्र यादी जरा जास्त बारकाईने बघावी, कारण तालुक्याच्या गावी दुचाकीसाठी कॅशलेस गॅरेज मिळायची मारामार असते. यादीतल्या दोन गॅरेजना फोन करून "करार चालू आहे ना?" एवढं विचारून घ्या. माझी चूक तीच झाली होती.

मग कंपनीच्या क्लेम हेल्पलाइनला एकदा फोन लावा, पॉलिसी घेण्याआधी. रविवारी रात्री नऊ वाजता लावा. विक्रीच्या नंबरवर सगळेच गोड बोलतात. क्लेमच्या नंबरवर माणूस किती वेळाने येतो, मराठीत नाही तर निदान हिंदीत नीट बोलतो का, 'माझ्या गावात सर्व्हेअर किती दिवसांत येईल' याला सरळ उत्तर देतो का, हे दहा मिनिटांत कळतं.

आणि एजंट? माझ्या वडिलांच्या स्कूटरचा विमा गेली कित्येक वर्षं गावातल्या एका काकांकडे आहे, सरकारी कंपनीचा. त्या कंपनीचं ॲप बघून मला रडू येतं. पण स्कूटर घसरली तेव्हा काका स्वतः फॉर्म घेऊन गॅरेजवर आले होते आणि फोटोही त्यांनीच काढले. शहरात, यादीत भरपूर गॅरेज असताना, मी ऑनलाइन घेईन. छोट्या गावात पाठपुरावा करणारा ओळखीचा एजंट असेल तर दोन-चारशे रुपये जास्त गेलेले परवडतात.

कंपनीने किती दिवसांत काय करायला हवं

'चांगली सेवा' हा शब्द ढगळ आहे, म्हणून मोजमाप माहीत हवं. आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार सर्व्हेअरने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. कागदपत्रं अपुरी आहेत एवढ्याच कारणावरून क्लेम फेटाळता येत नाही. चॅटवर वाद घालण्यापेक्षा मेलमध्ये या मुदतींचा उल्लेख केला की उत्तराची भाषा बदलते, हा स्वानुभव.

एक क्लेम मात्र कुठलीही चांगली कंपनी नाकारेल. पार्किंगमध्ये पाणी भरलं, इंजिन बुडालं आणि तुम्ही स्टार्टर मारला. पाणी आत खेचलं जाऊन इंजिन फुटतं आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्याला इंजिन प्रोटेक्शनची जोड लागते. बुडालेली गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढायची, चावी फिरवायची नाही.

वेळेत काहीच झालं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दोन आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा, किंवा १५५२५५ वर फोन करा. त्यापुढची पायरी विमा लोकपाल. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभरात तिथे जाता येतं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालयं आहेत. तक्रार ऑनलाइन देता येते. लोकपालांचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळायचा असतो.

कंपनी बदलायची असेल तर

'इतकी वर्षं यांच्याकडे आहे, बोनस जाईल' या भीतीने लोक वाईट कंपनीला चिकटून राहतात. नो क्लेम बोनस कंपनीचा नसतो आणि गाडीचाही नसतो, तो तुमचा असतो. पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. रिन्यूअलच्या वेळी दुसऱ्या कंपनीत गेलात तरी तो बरोबर येतो. फक्त जुनी पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर शून्य होतो. मागच्या वर्षी क्लेम घेतला असेल तर नव्या कंपनीला खोटं सांगून बोनस घेऊ नका. ते जुन्या कंपनीकडून खात्री करून घेतात, आणि ती खात्री नेमकी तुमचा क्लेम आल्यावर झाली तर तो अडकतो.

मुदत संपण्याच्या तीन-चार आठवडे आधी हे काम काढा. मुदत संपल्यावर गेलात तर नवी कंपनी गाडीची तपासणी मागते, आणि मधल्या दिवसांत काही झालं तर सगळा खर्च तुमचाच. नवी पॉलिसी घेतल्यावर काही दिवसांनी एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून कंपनीचं नाव आणि नवी तारीख दिसते का ते बघा. दिसत नसेल तर पीडीएफवरचा पॉलिसी क्रमांक घेऊन थेट कंपनीला विचारा, ज्याच्याकडून घेतली त्याला नको. पॉलिसी बनावट असेल तर ती तिथेच पकडली जाते.